बुधवारी दुपारी बारापर्यंत

ओगु नावाच्या वस्तीतल्या बाजारगल्लीत फुसाएबाईंचं केस कापायचं दुकान आहे. दोन खुर्च्या, दोन आरसे आणि केस धुवायचं एक भांडं, एवढाच पसारा. त्या खुर्चीत बसून आजवर कोणाला खोटं बोलता आलेलं नाही. बाई डोक्याकडे बघत नाहीत, आरशातल्या तोंडाकडे बघतात आणि कात्री आपोआप चालते. कोणाचा जावई घर सोडून गेला, कोणाच्या सुनेचं सासूशी बिनसलं, हे गल्लीला कळायच्या आधी बाईंना कळलेलं असतं. मात्र बाई कोणाला काही सांगत नाहीत. हा त्यांचा मोठेपणा असेल, नाहीतर धंदा.

तर अशा बाईंच्या पोटी नट जन्माला आला. इओरी त्याचं नाव, वय चोवीस. नटाची आई अशी असू नये. शाळेतून आल्यावर त्याने पोटदुखीचं नाटक केलं, की आई आरशातूनच म्हणायची, "पोट डावीकडे दुखतंय ना? मघाशी उजवीकडे होतं." बिचारा तिथूनच शिकला.

सोळाव्या वर्षी एका एजन्सीने त्याला उचललं. पहिलं काम टीव्हीवर मिळालं, प्रेताचं. एका पोलिसी मालिकेत तो तीन वेगवेगळ्या भागांत मेला, तिन्ही वेळा पालथा. मग लहान मुलांच्या मालिकेत राक्षसाच्या टोळीतला चौथा शिपाई झाला. तोंडावर रबरी मुखवटा, संवाद एकच: "ग्याऽऽ!" फुसाएबाईंनी गिऱ्हाइकांना पडद्यावर बोट ठेवून दाखवलं, "तो धावताना टाच बाहेर टाकतोय ना, तो आमचा." शेवटी विशीत नाटक मिळालं. धनुर्विद्येच्या क्लबवरच्या एका चित्रकथेचं नाटक, त्यात निळ्या केसांचा, अबोल तिरंदाज. नाटक चाललं. शंभर प्रेक्षकांत नव्वद मुली, थिएटरच्या दारात त्याच्या नावाची माणसाएवढी फुलांची कमान, आठवड्याला पिशवीभर पत्रं. गल्लीतल्या शिझुबाईंनी आपल्या कोरोक्केच्या, म्हणजे बटाट्याच्या तळलेल्या पॅटिसच्या, दुकानात त्याचं पोस्टर लावलं. मुली पोस्टरचा फोटो काढायला येत आणि गरम कोरोक्के घेऊन जात. शिझुबाई म्हणायच्या, "पोरगा निळा झाला, पण बटाटा खपला."

पण नाटकातला नट म्हणजे नाटकातलाच. खरं नाव होतं ते सकाळच्या मालिकेत. रोज सकाळी आठला पंधरा मिनिटं, सहा महिने, आणि अख्खा देश भाताचा वाडगा हातात धरून बघतो. इओरीने तिथे सात वेळा चाचणी दिली आणि सात वेळा नकार पचवला. आठव्या वेळी, मे महिन्यातल्या एका शुक्रवारी, त्याची मॅनेजर तोरिगोएबाई हिने त्याला ऑफिसात बोलावलं आणि समोर एक कागद ठेवला.

"नायिकेचा धाकटा भाऊ. तिसऱ्या आठवड्यापासून नवव्यापर्यंत. सही इथे."

त्याने लगेच पेन उचललं.

"थांबा, आधी वाचा. येत्या नाही, त्याच्या पुढच्या बुधवारी, म्हणजे बारा दिवसांनी, दुपारी बारा वाजता नावं जाहीर होतील. तोवर कोणाला सांगायचं नाही. मित्र, सहकारी, कुटुंबीय. 'कुटुंबीय' लिहिलंय, दिसलं ना? गेल्या वर्षी एकीच्या भावाने दारू पिऊन सांगितलं आणि तिच्या जागी दुसरी आली. आणि कसलीही भानगड नको. प्रेमाबिमाची तर नकोच. त्या मालिकेला नट धुतलेल्या तांदळासारखा लागतो."

"मी कोणाला सांगणार?" इओरी म्हणाला.

सोमवारी नाटकाला सुट्टी असते. तो केस कापायला आईकडे गेला. निळ्या केसांचा टोप घालायचा म्हणून केस बारीक ठेवावे लागतात, आणि दुसऱ्याच्या हातून कापले तर आई आठवडाभर टोमणे मारते. खुर्चीत बसला, गळ्याशी कापड आलं, कात्री चालू झाली.

"कान लाल झालेत तुझे," फुसाएबाई म्हणाल्या.

"गरम होतंय."

"हं."

मग तो हळूच म्हणाला, "आई, ऑक्टोबरपासून सकाळी टीव्ही बंद ठेवू नकोस."

झालं. एवढंच बोलला. नाव नाही, भूमिका नाही. फुसाएबाईंची कात्री एक क्षण हवेत थांबली, मग पुन्हा चालू झाली. "मी कधी बंद ठेवलाय?" एवढंच त्या म्हणाल्या. तो सुटल्यासारखा ट्राममध्ये बसला आणि मनाशी घोकत राहिला, मी काही सांगितलेलं नाही, मी काही सांगितलेलं नाही.

मंगळवारी केशकर्तनाची दुकानं बंद असतात. त्या दिवशी फुसाएबाईंनी कोणाला एक शब्दही सांगितला नाही. पहाटे उठून चिकट तांदूळ वाफवला, त्यात अझुकीचे चवळीसारखे लाल दाणे शिजवून घातले, वर काळे तीळ आणि मीठ भुरभुरलं, बारा डबे भरले आणि गल्लीत घरोघर देऊन आल्या.

आता आमच्याकडे लाल भात कोणी भूक लागली म्हणून करत नाही. मूल झालं, लग्न ठरलं, परीक्षा पास झाली, म्हणजे काहीतरी शुभ घडलं की तो शिजतो. भात दारात आला की विचारायचं असतं, "काय, आनंदाची बातमी?" सगळ्यांनी विचारलं. फुसाएबाई नुसत्या हसल्या. म्हणजे त्यांच्या हिशेबी त्यांनी तोंड घट्ट मिटून ठेवलं होतं. आणि त्या मिटलेल्या तोंडाने त्या बारा घरांत दवंडी पिटून आल्या होत्या!

शिझुबाईंनी डबा उघडला, वास घेतला आणि निकाल दिला: "इओरीचं लग्न. कदाचित घाईचं." शनिवारी एक मुलगी पोस्टरपाशी आली. शिझुबाईंनी कोरोक्के कागदात गुंडाळता गुंडाळता तिला सांगितलं, "बघून घे बाई पोटभर. त्यांच्या घरी लाल भात झालाय."

रविवारी दोन प्रयोगांच्या मधे इओरी निळा टोप काढून भाताचे गोळे खात बसला होता. तोरिगोएबाईंचा फोन आला.

"शुभ सकाळ," ती म्हणाली. दुपारचे चार वाजले होते, पण नाटकवाल्यांची सकाळ कधीही होते. "तुम्ही लग्न करताय का?"

त्याने भाताचा गोळा खाली ठेवला. "कोणाशी?"

"ते मी विचारतेय. तुमच्या आईंनी गल्लीत लाल भात वाटला, असं एका मुलीने इंटरनेटवर लिहिलंय. तीन हजार मुली रडतायत. एका साप्ताहिकाचा फोन आला होता, मालिकेच्या निर्मात्यांचाही. ते हसून विचारत होते, आणि मला त्यांचं हसणंच आवडलं नाही. लग्न नाही ना?"

"नाही! शपथ!"

"मग लाल भात कसला?"

इओरीने मनात हिशेब केला. लग्नाचा म्हणावं तर धुतलेला तांदूळ डागाळला. लग्नाचा नाही म्हणावं, तर मग कसला? कामाचा. म्हणजे आईला सांगितलं. म्हणजे कागदावरची सही गेली आणि तिच्याबरोबर नायिकेचा धाकटा भाऊही गेला.

"विचारून सांगतो," तो कसाबसा म्हणाला.

"उद्या संध्याकाळपर्यंत. बुधवारी बाराच्या आत त्यांना नाव बदलायला किती वेळ लागतो माहितीये? एक ओळ खोडायची असते फक्त."

संध्याकाळच्या प्रयोगात अबोल तिरंदाज नेहमीपेक्षा अबोल होता. एक संवाद चक्क गिळला. पुढच्या रांगेतल्या मुलींना वाटलं, प्रेमात पडलाय.

सोमवारी सकाळी तो दुकानात शिरला तेव्हा गिऱ्हाईक नव्हतं. त्याने सगळं सांगितलं. फुसाएबाई मटकन गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसल्या.

"पण मी कोणाला काही बोलले नाही रे!"

"भात बोलला ना!"

"तुझे बाबा असते तर त्यांनीच आधी तांदूळ भिजत घातला असता," त्या पुटपुटल्या. "सात वेळा नको म्हणाले ते लोक. सातही वेळा मी फक्त पांढरा भात शिजवला. आठव्यांदा हाताला राहवलंच नाही." मग घाबऱ्या आवाजात म्हणाल्या, "काढून टाकतील का तुला?"

"बुधवारपर्यंत कळेल."

तेवढ्यात दाराची घंटा वाजली. केस सेट करायला शिझुबाई आल्या होत्या. इओरीला बघून त्यांचे डोळे दिव्यासारखे पेटले. "अरे वा, नवरदेव! आणि नवरी कुठाय?"

"नवरी नाहीये हो, मावशी," इओरी म्हणाला. गेल्या चार वर्षांत रंगमंचावरही त्याचा इतका वाईट अभिनय कोणी पाहिला नव्हता.

"नाहीये कशी? मी काय अझुकी ओळखत नाही? अगं फुसाए, माझ्यापासून लपवतेस? मी परकी का? लग्न नसेल तर मग काय, बाळ? की टीव्हीचं काही..."

फुसाएबाई उठल्या, शिझुबाईंच्या गळ्याशी कापड बांधलं आणि आरशात बघत शांतपणे म्हणाल्या, "शिझुताई, माझी साठी झाली."

"कोणाची?"

"माझी."

गल्लीच्या हिशेबी फुसाएबाई अठ्ठेचाळीसच्या होत्या. त्या या गल्लीत दुकान काढून वीस वर्षं झाली आणि त्या वीस वर्षांत त्यांचं वय जेमतेम बारा वर्षांनी वाढलं होतं. आपलं रूप हीच दुकानाची पाटी, असं त्यांचं गणित होतं.

"थट्टा करतेस," शिझुबाई म्हणाल्या.

फुसाएबाईंनी गल्ल्याशेजारचा ड्रॉवर उघडून जन्मतारीख छापलेलं विम्याचं कार्ड काढलं आणि आरशासमोर ठेवलं. शिझुबाईंनी चष्मा लावला. बोटांवर मोजलं. पुन्हा मोजलं.

"यावर तर फेब्रुवारी आहे! फेब्रुवारीतली साठी मे महिन्यात?"

"धीर गोळा करायला तीन महिने लागले. केस कापणाऱ्या बाईने साठीला घालतात ते लाल जाकीट घालून मिरवायचं म्हणजे... म्हणून फक्त भात वाटला. विचारलंत तेव्हाही सांगवेना."

हे सगळं खरं होतं, हीच त्यातली गंमत. कार्ड खरं, साल खरं, लाजही खरी. फक्त भात दुसऱ्या कोणाचा होता.

शिझुबाई खुर्चीतून ताडकन उठल्या. कापड गळ्यातच राहिलं. "म्हणजे तू माझ्याहून तीन वर्षांनी मोठी? आणि वीस वर्षं मला ताई, ताई? सणाला मला आधी नमस्कार? गल्लीच्या सहलीत मला म्हाताऱ्यांच्या बाकावर बसवलं, ते तू! आणि स्वतः मागे पोरींबरोबर गाणी म्हणत बसलीस!"

"चुकलं माझं."

"चुकलं?" असं म्हणून शिझुबाई केस सेट न करताच, कापडासकट निघून गेल्या.

दुपारी तीनपर्यंत लग्न गल्लीतून साफ पुसलं गेलं. भाजीवाल्यापासून चटया विणणाऱ्या तातामीवाल्यापर्यंत एकच विषय: साठ! मागच्या काही वर्षांतले फोटो काढून लोक फुसाएबाईंचे गाल तपासायला लागले. दोघीजणी येऊन क्रीमचं नाव विचारून गेल्या आणि एकीने शुक्रवारची वेळ रद्द केली. ती पोस्टरवाली मुलगीही परत आली, शिझुबाईंनी तणतणत तिला सगळं ऐकवलं, आणि संध्याकाळी तिने लिहिलं: "चुकीची बातमी दिली, माफ करा. त्याच्या आईची साठी होती. दिसत मात्र नाहीत हं." तीन हजार मुलींनी आईंना शुभेच्छा दिल्या.

इओरीने तोरिगोएबाईंना कळवलं. उत्तर आलं: "समजलं." बस. त्या एका शब्दाने त्याला मंगळवारभर झोपही येऊ दिली नाही आणि जेवणही जाऊ दिलं नाही. समजलं म्हणजे काय समजलं?

बुधवारी एकचा प्रयोग होता. साडेअकरालाच तो मेकअप करून, टोप चढवून आरशासमोर बसला. फोन मांडीवर. बाराला मालिकेच्या पानावर नायिकेचा जुनाच फोटो होता. बारा वाजून दोन मिनिटं झाली, तोच फोटो. चार मिनिटं झाली. एक ओळ खोडायला किती वेळ लागतो, हे त्याला आता कळलं होतं. त्याने तिरंदाजाचा कमरपट्टा सैल केला.

बारा वाजून सहा मिनिटांनी पान बदललं. आई, वडील, आजी, शेजारी, शिक्षक, आणि सहावा फोटो, खाली धाकट्या भावाचं नाव आणि त्याचं नाव. शेजारच्या तिरंदाजांनी ओरडून त्याला उचललं, टोप घसरला, टोपवाल्या बाई किंचाळल्या.

दारात तोरिगोएबाई उभी होती. "शुभ सकाळ. अभिनंदन."

तो उठून कमरेत वाकला.

"साठीला आमच्याकडे नातवंडं लाल टोपी आणतात," ती फोनकडे बघत म्हणाली. "तुमच्याकडे मुलगा कसली बातमी आणतो, ते मी विचारणार नाही. आणि तुम्हीही सांगू नका. मालिका सुरू व्हायला अजून अठरा आठवडे आहेत, त्यात जे काही घडेल ते आईंना जाहीर झाल्यावरच सांगा."

ती गेली. तो तसाच वाकलेला राहिला. त्याला कळेना, सुटलो की टांगलेलो आहोत.

प्रयोगाला वीस मिनिटं असताना त्याने आईला फोन लावला. पलीकडे गलका चालला होता. फुसाएबाईंचा आवाज फुटत होता, "पाहिलं रे, पाहिलं, सगळे इथेच... थांब, अगं, फोन ओढू नकोस..."

"इओरी?" शिझुबाईंचा आवाज. दोन दिवस त्या फुसाएबाईंशी बोलल्या नव्हत्या, पण बातमीच्या वेळी घरी बसणं त्यांना जमण्यासारखं नव्हतं. "अभिनंदन. आता मला एक खरं सांग. तो भात नक्की कसला होता?"

मागचा गलका एकदम थांबला. अख्खं दुकान कान देऊन उभं असणार. आईही. आईने आपल्यासाठी वय उघडं केलं, हे खरं सांगितलं तर शिझुबाईंचा राग गेला असता, पण त्यांनी ते संध्याकाळपर्यंत अकरा घरांत सांगितलं असतं आणि तिथून ते निर्मात्यांच्या कानी गेलं असतं.

"साठीचाच, मावशी," तो म्हणाला. आवाज अगदी सरळ आला.

"बरं," शिझुबाई म्हणाल्या. "मग हिला सांगून ठेव. यापुढे ताई ही. सहलीत पुढच्या बाकावर हीच बसेल. मी मागे."

"सांगतो."

"आणि ही ऐकतेय," शिझुबाई म्हणाल्या, आणि फोन बंद झाला.