हार, नारळ आणि ‘कळवतो’

माझा डावा पाय गुडघ्याखाली एकाहत्तरच्या लढाईत राजस्थानच्या वाळूत राहिला. हे सुरुवातीलाच सांगून टाकतो, कारण लोकांना तेवढंच ऐकायचं असतं आणि मला ते सांगायचा कंटाळा येतो. वाळूत सुरुंग पुरलेला होता, त्यावर पाय पडला, एवढीच ती गोष्ट. त्याहून जास्त त्रास मला पुढं सोलापुरात झाला, आणि तो दिला मला चहा पाजणाऱ्या माणसांनी.

पुण्याच्या दवाखान्यात नवा पाय बसवून मी घरी आलो तेव्हा दुष्काळ पडलेला होता. गावोगावची माणसं शहरात काम शोधत हिंडत होती. आमची चाळ गिरण्यांच्या बाजूची. वडील विणकर होते, मीही फौजेत जाण्याआधी त्यांच्या हाताखाली माग शिकलेला. आता वडील नव्हते. घरात बायको, आई आणि मी. पेन्शन यायची, पण ती महिन्याच्या मध्यावरच मान टाकायची. मला काम हवं होतं. नुसत्या पैशासाठीच नव्हे. सकाळी भोंगा झाला की चाळीतले सगळे पुरुष डबा घेऊन निघून जायचे आणि मी बायकांत मागं उरायचो, ते मला सोसत नव्हतं.

पहिला सत्कार झाला तेव्हा बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. फेटा बांधला, हार घातला, अंगावर चादर पांघरली, हातात नारळ दिला. सोलापूरचा सत्कार म्हणजे चादर आलीच. व्यासपीठावरच्या एका पुढाऱ्यानं माझा खांदा दाबून विचारलं, “सध्या काय करता?” मी म्हणालो, “काम शोधतोय.” तो म्हणाला, “अहो, तुमच्यासारख्याला काम नाही म्हणजे काय! या मला भेटायला.” मी भेटायला गेलो. त्यानं बसायला खुर्ची दिली, चहा दिला, लढाईची गोष्ट ऐकून घेतली आणि म्हणाला, “बघतो. कळवतो.”

या ‘कळवतो’नं माझं एक अख्खं वर्ष खाल्लं. एका शाळेत शिपायाची जागा होती. हेडमास्तर उठून उभे राहिले, हात जोडले आणि म्हणाले, “तुमच्यासारख्या शूर माणसाला आम्ही घंटा वाजवायला लावायचं? आम्हालाच लाज वाटेल.” मी म्हणालो, मला वाटत नाही. ते म्हणाले, कळवतो. जकात नाक्यावरचा साहेब म्हणाला की इथं पळणाऱ्या ट्रकमागं धावावं लागतं. तो स्वतः पोट सांभाळत खुर्चीतून जेमतेम उठला होता. टॉकीजच्या मालकाकडे दारावरचा माणूस हवा होता. त्यानं मला दारावर ठेवलं नाही, पण कधीही या, बाल्कनीत बसा, तिकीट लागणार नाही असं सांगितलं. उपाशी पोटी बाल्कनीत बसून काय करायचं ते मात्र सांगितलं नाही.

सगळ्यांचं पहिलं वाक्य एकच असायचं, “आधी बसा.” मी उभा राहू शकतो हेच दाखवायला गेलेला असायचो. पुण्याहून आणलेला लाकडाचा आणि चामड्याचा पाय पट्टे आवळून घातला की मी चांगला उभा राहत होतो, जिने चढत होतो. पण कुणी मला दोन मिनिटं उभं राहू देईल तर शपथ. मी दारात दिसलो की खुर्ची पुढं यायची.

घरी नारळ साठत चालले. बायको माझी वळसंगची, तोंडानं फटकळ. पहिल्या नारळाच्या तिनं वड्या केल्या, दुसऱ्याची चटणी, मग चाळीत वाटले, शेवटी कोपऱ्यावरच्या दुकानदाराला परत विकायला लागली. एकदा मी हार गळ्यात घेऊनच घरी आलो तर ती चुलीपुढून न उठता म्हणाली, “अवो, त्यास्नी सांगा की, नारळाऐवजी जवारी द्या म्हनावं. लई झालं नारळ.” मग थोड्या वेळानं म्हणाली, “चादरी पन नगंत. उन्हाळा हाय.”

तिचे भाऊ त्या वर्षी दुष्काळी कामावर खडी फोडत होते. खडी बसूनच फोडायची असते, पायाचा काय संबंध, म्हणून मी तिकडंही गेलो. मुकादमानं मला पाहिलं आणि हातातली पाटी खाली ठेवून सलाम ठोकला. “तुमी खडी फोडनार? आनि उद्या पेपरात आलं तर? आमाला जोड्यानं मारतील की.” आई जेवू घालीना आणि बाप भीक मागू देईना, अशी माझी गत. एसटीत बसून परत येताना मी इतका संतापलो होतो की कंडक्टरनं उठून आपली जागा देऊ केली तेव्हा त्याच्यावरच खेकसलो. तो बिचारा गोरामोरा झाला.

त्या रात्री जेवताना मी बायकोला म्हणालो, “आता कुणाला सांगायचंच नाही.”

“काय न्हाय सांगायचं?”

“फौज, पाय, काहीच नाही.”

ती म्हणाली, “मंग चालताना वाईच कमी लंगडत जावा.”

शहराच्या दुसऱ्या टोकाला एक गिरणी होती. तिथं मला कुणी ओळखत नव्हतं. पेपरात फोटो आले होते, पण प्रत्येक फोटोत फेटा. फेट्यातला माणूस बिनफेट्याचा ओळखू येत नाही, हा एवढा एक फायदा सत्कारांनी मला करून दिला. गिरणीच्या फाटकाशी रोज सकाळी बदली कामगार उभे राहायचे. कायमचा माणूस आला नसेल तर जॉबर, म्हणजे खात्याचा मुकादम, बाहेर येऊन त्यांतला एखादा उचलायचा. काही महिने असं नेमानं भरलं की कायम होण्याची आशा असे. मी लांब पायजमा, मोजे आणि कॅनव्हासचे बूट घालून त्या घोळक्यात उभा राहिलो. तिथं कुणी खुर्ची आणली नाही. उलट मागच्यानं कोपर मारून मला बाजूला सारलं. इतक्या दिवसांनी कुणीतरी मला धक्का दिला होता आणि मला तो फार आवडला.

तिसऱ्या की चौथ्या दिवशी जॉबरचं लक्ष गेलं. काळा, बुटका, तेलुगू बोलणाऱ्या विणकरांतला माणूस, आवाज फाटका. “ए, माग येतो का?” मी म्हणालो, येतो. “बूट कशाला?” मी म्हणालो, तळपायाला भोवरी आहे. “चल, भोवरी,” तो म्हणाला, आणि त्या दिवसापासून विणाई खात्यात माझं नाव भोवरीच पडलं.

विणाई खात्यात इतका खडखडाट असतो की शेजारचा माणूस कानात ओरडला तरी ऐकू येत नाही. लाकडी पाय सांध्यात करकरायचा, ते तिथं कुणाला कळण्याची भीती नव्हती. दोन माग माझ्याकडे. तुटलेला धागा सांधायचा, आडवा धागा घेऊन पळणाऱ्या धोट्यातली कांडी संपली की नवी भरायची, पुन्हा सुरू. संध्याकाळी पट्टे सोडले की उरलेल्या पायाचा शेवट सोलवटलेला असायचा. बायको खोबरेल लावायची. ते मात्र सत्काराच्या नारळांचं नव्हतं, विकत आणलेलं होतं. दुखायचं, खूप दुखायचं. पण सकाळी भोंगा झाला की मीही डबा घेऊन निघायचो आणि जिन्यात शेजाऱ्याशी त्या दिवशी पाणी आलं की नाही यावर वाद घालायचो. मी सुखात होतो.

जॉबर मला शिव्या द्यायचा. सगळ्यांनाच द्यायचा, तेलुगूतून. सोलापुरात वाढलेल्या माणसाला त्या वेगळ्या शिकाव्या लागत नाहीत. वर्षभर ‘शूर’, ‘धन्य’, ‘आपले उपकार’ ऐकून विटलेल्या माझ्या कानांना त्या शिव्या गोड लागायच्या. धागा नीट सांधला नाही म्हणून शिवी मिळते, याचा अर्थ धागा नीट सांधणं तुमच्याकडून अपेक्षित आहे.

एकदा मात्र घोटाळा झाला. शेजारच्या मागावरून धोटा उडाला. टोकाला लोखंड बसवलेलं ते लाकूड माझ्या डाव्या पायावर, नडगीच्या जागी, चांगलं सणसणून आदळलं. दुसरा कुणी असता तर लोळला असता. मी वाकून धोटा उचलला, शेजाऱ्याला दिला आणि माझ्या मागाकडे वळलो. समोर जॉबर उभा. तेव्हा माझ्या लक्षात आलं की आपण ओरडायला हवं होतं. मग मी ओरडलो, खाली बसलो, पाय धरला, तोंड वेडंवाकडं केलं. जॉबर बघत राहिला आणि एक शिवी देऊन पुढं गेला. निभावलं असं मी समजलो.

हिवाळ्यात ध्वजदिन आला. सैनिकांच्या निधीला गिरणीनं देणगी द्यायचं ठरवलं आणि त्यासोबत एका जखमी जवानाचा सत्कार करायचंही ठरवलं. शहरातले ठरलेले सत्कारमूर्ती काही थोडे नव्हते, पण दैव असं की माझंच नाव निघालं. शिपाई मला आणायला थेट चाळीत गेला. बायको बाहेर आली.

“ते कामावर गेल्यात.”

“कुटं?”

“तुमच्याच गिरनीत की.”

तिला मी नंतर खूप बोललो. ती म्हणाली, “मंग काय खोटं बोलू व्हय? तुमी मला आदी म्हनाला असता, कुटं बी सांग, तर तसं सांगितलं असतं.” शिपायानं काही विचार केला नाही. साहेबांनी जवान आणायला सांगितलं होतं. तो आला, मागामागांतून वाट काढत माझ्यापाशी पोचला आणि हातानं खूण केली, चल. मी हातानंच नाही म्हटलं. त्यानं माझा दंड धरला. जॉबर लांबून हात नाचवत होता की माग कोण बघणार. त्या खडखडाटात मला कुणाशी भांडताही येईना.

अंगणात मांडव होता. मला धरून व्यासपीठावर नेलं, खुर्चीत बसवलं, फेटा बांधला, हार घातला. अंगावर गिरणीची चादर, हातात नारळ. कपड्यांना कापसाची लव चिकटलेली होती. पण ती झटकावी असं कुणाला वाटलं नाही. प्रमुख पाहुणा तोच पुढारी. त्यानं भाषण केलं, माझा खांदा दाबला आणि विचारलं, “सध्या काय करता?”

“इथंच,” मी म्हणालो. “आतमध्ये माग चालवतो.”

समोर बसलेल्या, पाळी सुटलेल्या कामगारांत हसं पिकलं. पुढारीही हसला, कारण त्याला ती गंमत वाटली. पण गिरणीचा लेबर ऑफिसर हसला नाही. तो खाली वाकून माझ्या पायाकडे बघू लागला. सभा संपताच त्यानं मला बाजूला घेतलं. माणूस वाईट नव्हता, हेच तर सगळ्यात अवघड. हात जोडून म्हणाला, “अहो, या पायानं मागावर? आम्हाला माहीतच नव्हतं. नियमात बसत नाही हे. डॉक्टरांची तपासणी व्हायला हवी. तोवर तुम्ही घरी आराम करा.” आणि मग, अगदी प्रेमानं, “तारीख कळवतो.”

हे असं होणार म्हणूनच मी एवढे दिवस तोंड शिवून, पाय सोलवटून उभा राहिलो होतो. कायम होण्याच्या बेताला आलो होतो मी. आणि माझं काम कुणी घेतलं, तर ज्यांनी हार घातला त्यांनीच. भांडायचं तरी कुणाशी? समोरचा हात जोडून उभा. नारळ हातात घेऊन भांडताही येत नाही. मी खुर्चीत बसलो. आपण होऊन बसलो.

तेवढ्यात जॉबर आला. तेलकट हात, डोक्याला फडकं, पाहुण्यांच्या मधून सरळ. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. ऑफिसरला म्हणाला, “साहेब, झालं असंल तर मानूस द्या. दोन माग बंद हायत.”

“अहो, त्यांचा पाय—”

“मला म्हाईत हाय.”

“तपासणी करावी लागेल ना.”

“करा की. कवा बी करा. आता पाळी चालू हाय.”

पाहुणे जेवायला निघाले होते आणि ऑफिसरला त्यांच्यामागं जायचं होतं. तो म्हणाला, “बरं, आजचं होऊ द्या. मी कळवतो.”

जॉबर चालू लागला. मी नारळ खुर्चीवर ठेवला आणि त्याच्यामागं निघालो. फेटा आणि चादर तिथंच राहिली. लंगडणं लपवायची आता गरज नव्हती, तरी सवयीनं सरळ चालत होतो. वाटेत मी विचारलं, “तुम्हाला कधी कळलं?”

“धोटा लागला डाव्याला,” तो म्हणाला. “तू उजवा धरून वरडलास की.”

“मग बोलला नाहीत ते?”

“काय बोलू? कापड तर नीट येत हुतं.”

विणाई खात्याच्या दाराशी तो थांबला आणि माझ्यावर डाफरला, “ए भोवरी, हार काढ. मागाच्या पट्ट्यात गुतला तर मान जाईल.” जन्मात मला कुणी इतक्या मानानं वागवलं नव्हतं. त्या दारात मला रडू आलं. जॉबरनं एक तेलुगू शिवी दिली. जिथं सगळ्यांचे डबे टांगलेले असत त्या खुंटीवर मी हार अडकवला, आत गेलो आणि माग सुरू केले.

पुढं मी कायम झालो आणि त्याच गिरणीत म्हातारा झालो. लेबर ऑफिसर फाटकाशी दिसला की अजून जायचंय हं तपासणीला, कळवतो, असं म्हणायचा. मी म्हणायचो, कळवा. तो बदलून गेला, नंतर आणखी दोघं येऊन गेले. तपासणीची तारीख मला अजून कुणी कळवलेली नाही.