शैलामावशी, बी.ए.

मेलेल्या बाईच्या नावापुढे 'बी.ए.' कशाला, असं काल बॅनरवाल्याने मला विचारलं.

"लिही म्हटलं ना!" मी त्याच्या अंगावरच गेले. मग लिहिलं त्याने गुपचूप.

शैलामावशी परवा गेली. हार्ट अटॅक. कामावरून आली, चहा ठेवला आणि बसल्या जागी सगळं संपलं.

मावशी रक्ताची नव्हती. मरोळला आमच्या शेजारच्या खोलीत राहायची. इंडस्ट्रियल इस्टेटमधल्या एका औषध कंपनीत पॅकिंगला होती, एकोणतीस वर्षं. शिक्षण बारावी.

तिच्या लाइनवर सुपरवायझर व्हायला ग्रॅज्युएट लागायचा. कुठल्याही शाखेचा चालेल, पण ग्रॅज्युएट. दर दोन-तीन वर्षांनी नवा सुपरवायझर यायचा. मावशी त्याला सगळं काम शिकवायची आणि मग त्यालाच 'सर' म्हणायची.

मी एस.वाय.बी.ए.ला असताना मालाडच्या एका कॉल सेंटरमध्ये मला नोकरी लागत होती. कॉलेज सोडायचं ठरलं. घरचेही तयार. साध्या बी.ए.ला विचारतंय कोण?

मावशी येऊन दारातच उभी राहिली.

"सोड ना. मग ये पॅकिंगला. माझ्या बाजूचं स्टूल पुसून ठेवते."

"अगं, बी.ए.वर नोकरी तरी कुठे मिळते?"

"नाहीच मिळत. पण फॉर्म भरता येतो. आम्हाला तर फॉर्मच भरता येत नाही."

चिडचिड करत मी टी.वाय. केलं. पास झाले. आणि शेवटी त्याच कॉल सेंटरला लागले.

दोन वर्षं मावशीला टोमणे मारले मी. "काय उपयोग झाला गं तुझ्या बी.ए.चा?"

ती फक्त म्हणायची, "थांब जरा."

माझं पदवीचं सर्टिफिकेट आणायलासुद्धा मला वेळ नव्हता. माझं पत्र घेऊन तीच गेली, हाफ डे टाकून. येताना स्टेशनबाहेरच्या दुकानातून ते मस्त लॅमिनेट करून आणलं.

मी बघितलंही नाही. कपाटात टाकलं.

मग एका सरकारी खात्याची जाहिरात आली. पात्रता: कोणत्याही शाखेची पदवी. फॉर्म भरला, परीक्षा दिली, यादीत नाव आलं!

कागदपत्रं तपासायला बोलावलं. त्या पत्रात एक ओळ होती. मूळ प्रमाणपत्रं लॅमिनेट केलेली नसावीत.

मी कपाटातून सर्टिफिकेट काढून बघितलं.

आणि मी मावशीला सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशी ओरडले. "अडाण्यासारखं काय करून ठेवलंस हे!"

अडाणी. तिला. मी.

तपासणीच्या दिवशी सकाळी ती इस्त्रीची साडी नेसून दारात हजर.

आत सोडत नव्हते, तरी शिरली. साहेबांसमोर हात जोडून म्हणाली, "चूक माझी आहे साहेब, पोरीची नाही. खराब होऊ नये म्हणून केलं."

साहेबांनी सर्टिफिकेट उजेडात धरून नंबर बघितला. मग तिच्याकडे बघितलं.

"घरात पहिलीच ग्रॅज्युएट का?"

"घरात नाही साहेब, गल्लीत."

साहेब हसले. "माझंही लॅमिनेटच आहे. आईने केलंय." आणि झेरॉक्सवर शिक्का मारला.

बाहेर आल्यावर मी रडत सॉरी म्हटलं.

"सॉरी राहू दे," मावशी म्हणाली. "माझा फॉर्म भर."

मुक्त विद्यापीठाचा. बी.ए.चा. वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी!

दर रविवारी पुस्तकं घेऊन आमच्याकडे यायची. इतिहास आवडायचा, अर्थशास्त्राला शिव्या घालायची. एक पेपर राहिला, तो परत दिला. यंदा पास झाली.

कंपनीत सुपरवायझरची जागा निघाली तेव्हा अर्जही केला तिने. घेतलं नाही. वय जास्त म्हणे.

मला वाटलं, खचेल. तर ही पेढे घेऊन दारात.

"घेतलं नाही गं. पण फॉर्म भरला ना! झकास भरला, एकही खाडाखोड नाही."

आज माझ्या टेबलावर माझ्या नावाची पाटी आहे. घराचा हप्ता मी भरते, धाकट्या बहिणीची फी मी भरते. त्या साध्या बी.ए.नं हे एकदम दिलं नाही, पण त्याच्याशिवाय मला त्या रांगेत उभंही केलं नसतं कुणी. आणि मावशी दारात उभी राहिली नसती, तर ते बी.ए.ही झालं नसतं. मी तिची ऋणी आहे. तिच्या तोंडावर हे कधी धड बोलले नाही, म्हणून इथे लिहितेय.

तिचं पदवीचं सर्टिफिकेट अजून यायचंय. गेली त्याच्या आदल्या दिवशीच विचारत होती, "आलं का गं?"

आलं की मीच आणणार आहे, मावशी. हाफ डे टाकून.

आणि येताना स्टेशनबाहेरच्या त्याच दुकानातून लॅमिनेट करून आणणार आहे.

अखेरचा जयभीम.