कुंकू लावलेला नट

लहान्याच्या जीपमध्ये ड्रायव्हरशेजारची खिडकीकडची जागा नविनची, हे डहाणू रोडच्या स्टँडवर सगळ्यांना ठाऊक होतं. गाडी कितीही भरलेली असो, नविन दिसला की लहान्या तिथे बसलेल्याला मागे सरकवायचा. नविन मसोलीचा मेकॅनिक, त्याची सासुरवाडी तलासरीची, म्हणून त्याची त्या रस्त्याने सारखी ये-जा. लहान्याही तलासरीकडच्या पाड्यावरचा. दोघे आश्रमशाळेत एका ताटात जेवलेले, एकाच मास्तरांचा मार खाल्लेले. आता सख्खे भाऊ तरी इतके कुठे एकमेकांना धरून असतात?

लहान्याचा जीव त्या जीपमध्ये. कुणी दार आपटलं की ह्याच्या पोटात कळ यायची. चिकूच्या वाडीवर कामाला जाणाऱ्या बायका मुद्दाम दार जोरात लावायच्या आणि खिदळायच्या. त्या बायकांत त्याची स्वतःची बायको काळीसुद्धा. तीच सगळ्यात पुढे! सकाळी ह्या सगळ्यांना आणायचं, संध्याकाळी घरी पोचवायचं. एवढा तापट माणूस, पण स्टिअरिंग हातात आलं की एकदम शहाणा व्हायचा. मागे बसलेल्या बायका झोपी जातात, ह्याचा त्याला कोण अभिमान!

ह्या स्टँडचा एक रिवाज आहे. लिहिलेला नाही, पण पाळतात सगळे. आपल्या मेकॅनिकने कसलेल्या चाकाला ड्रायव्हरने मागाहून पाना लावायचा नाही. लावला तर त्याचा अर्थ सरळ, तुझ्या हातावर माझा भरवसा नाही. दसऱ्याला गाडीपुढचा नारळही मेकॅनिकच्याच हातून फोडायचा. लहान्याने तर नविनच्या हातानंतर कधी चाकाकडे वाकूनसुद्धा पाहिलं नव्हतं.

पावसाळा सरल्यावर जीपचं पासिंग आलं, आरटीओची तपासणी. आदल्या दिवशी नविनने ब्रेक बघायला मागची चाकं खोलायला घेतली, तर मागच्या डाव्या चाकाचा एक नट नुसताच गरगर फिरायला लागला. बोल्टचे आटे गेले होते. जरा जोर लावला आणि बोल्ट बुडातूनच तुटला. लहान्याचं तोंड उतरलं. पासिंग चुकलं तर गाडी उभी राहणार, वाडीवरच्या बायकांना दुसरी गाडी बघावी लागणार.

"एवढं काय तोंड पाडतोस?" नविन म्हणाला. "मी बसलोय ना इथं! नवा बोल्ट ठोकतो. तू जा, चहा पिऊन ये."

लहान्या चहा पिऊन आला तेव्हा चाक जागेवर होतं. पाचही नट काळ्या रंगात चकाकत होते. पासिंगच्या मैदानावर साहेबांनी चाकांवरून नजर फिरवली, ब्रेक बघितला, दिवे बघितले, गाडी पास झाली. घरी आल्यावर काळीने झेंडूची माळ बांधली आणि प्रत्येक चाकाच्या प्रत्येक नटाला हळद-कुंकू लावलं. मागच्या डाव्या चाकाला जरा जास्तच, कारण त्याचं दुखणं नुकतंच बरं झालेलं.

त्यानंतर नविनची जागा रिकामी राहू लागली. कधी म्हणे मोटरसायकलने जातो, कधी म्हणे काम पडलंय. लहान्याला चुकल्याचुकल्यासारखं व्हायचं, पण त्याने मनाला लावून घेतलं नाही. धंदा वाढला असेल मित्राचा, वाढू दे.

एके दिवशी संध्याकाळी नविनची बायको शितल पिशवी घेऊन स्टँडवर आली. माहेरी निघाली होती. जीप भरत आलेली, काळी आणि बाकीच्या बायका मागे दाटीवाटीने बसलेल्या, पुढची जागा मोकळी.

"या वहिनी, बसा," लहान्याने हाक मारली.

"नको भावोजी, मागच्या गाडीनं जाते."

"मागची गाडी कधी भरायची? बसा की! तुमच्याच मालकाची जागा हाय."

शितल घुटमळली. पिशवी ह्या हातातून त्या हातात घेतली. मग हळू आवाजात म्हणाली, "रागावू नका भावोजी. तुमच्या गाडीत आमच्या घरचं कुणी बसायचं नाय, असं सांगितलंय ह्यांनी. पासिंग झालं तेव्हापासून. मला वाटलं, तुमचं दोघांचं काय तरी बिनसलं."

बिनसलं? काहीच तर बिनसलं नव्हतं! मग लहान्याच्या डोक्यात लख्ख उजेड पडला: पासिंगच्या आदल्या दिवशी ते चाक नविनने एकट्यानेच चढवलं होतं.

"खाली उतरा," तो मागच्या बायकांना म्हणाला. आवाज असा निघाला की दार आपटायलाही कुणी धजलं नाही.

त्याने सीटखालचा पाना काढला. मागच्या डाव्या चाकाशी बसला. तुटक्या बोल्टच्या जागेवरच्या नटाला पाना लावला, जोर असा द्यावाच लागला नाही. नट गळून त्याच्या तळहातावर आला. आत बोल्ट नव्हताच. पत्र्याचे खड्डे बुजवायला लावतात ती करडी लांबी भरून नट वरून नुसता चिकटवलेला, वरून काळा रंग. कडेच्या खाचेत कुंकू अजून होतं.

काळीने तो नट बघितला. "ह्याला मी हात जोडले होते," एवढंच म्हणाली.

बायकांना दुसऱ्या गाडीत बसवून लहान्याने रिकामी जीप हळूहळू मसोलीला नेली. काळी उतरायला तयार नव्हती. नविन गॅरेजसमोरच उभा होता. लहान्याने तळहात पुढे केला आणि नविनचा चेहरा पांढरा पडला.

"त्या दिवशी सरावलीला लग्नाची हळद होती रे, तिकडं जायची घाई होती," तो म्हणाला. "बोल्ट बदलायचा तर सगळं खोलायला लागलं असतं. चार बोल्टांवर चालते गाडी. मग... मग सांगायचं राहूनच गेलं."

"कुठं राहिलं? शितलवहिनीला सांगितलंस की!" लहान्याचा आवाज फाटला. "तुझी बायको बसायची नाय. माझी बसली तर चालतं? रोज बसत होती ती, नव्या. त्याच चाकावर बसत होती!"

नविन आत गेला आणि फळीवरून नवा बोल्ट घेऊन आला. बोल्ट दुकानातच पडलेला! लहान्याला त्याचंच जास्त लागलं. शिव्या तोंडापर्यंत आल्या, पण त्याने गिळल्या. नविनने चाक उतरवलं, तुटका बोल्ट ठोकून काढला, नवा बसवला. समोरच्या टपरीवर चार ड्रायव्हर चहा पीत उभे होते. चाक चढलं, नट कसले गेले. नविनने हात पुसले.

"झालं," तो म्हणाला. "आता बिनघोर जा."

लहान्या पाना घेऊन खाली बसला आणि नविनने नुकताच कसलेला पहिला नट त्याने पुन्हा आवळला. टपरीवरची बडबड थांबली.

"लहान्या," नविन दबक्या आवाजात म्हणाला, "लोक बघतायत रे."

"बघू दे."

त्याने तो नट आवळला, दुसरा आवळला, पाचही आवळले. मग उठला आणि पाना घेऊन पुढच्या चाकाशी जाऊन बसला. त्या चाकाचे नट नविनने मागच्या दसऱ्याला कसले होते, नारळ फोडायच्या आधी.