भाऊजींनी म्हैस बदलली

भाऊजी दिवसभर लोकांच्या लिफ्ट दुरुस्त करत आणि संध्याकाळी स्वतःची म्हैस जिन्यावरून चढवत. म्हैस म्हणजे त्यांच्या बेस गिटारचा अ‍ॅम्प्लिफायर. काळा, कपाटाएवढा, उचलायला दोन माणसं आणि शिव्या घालायला तिसरा. ड्रम वाजवणारा त्यांचा सख्खा मेव्हणा, म्हणून ग्रुपमध्ये सगळ्यांचेच ते भाऊजी.

मेव्हण्याने सामान वाहायचा टेम्पो विकला आणि म्हैस घरातच बांधली गेली. कीबोर्डवाला मनाने चांगला, जिभेने फटकळ. तो म्हणाला, "भाऊजी, हॉटेलात आपल्याला चार खुर्च्यांएवढा कोपरा मिळतो. शनिवारी एका हाताने आणता येईल असं काहीतरी आणा, नाहीतर बेस मी कीबोर्डवरच डाव्या हाताने वाजवतो. तुम्ही ऐकायला या."

ऐकायला या! हे भाऊजींना फार झोंबलं. दुसऱ्याच दिवशी मेव्हण्याला घेऊन त्यांनी वाद्यांचं दुकान गाठलं. आत शिरले, एकही बटण न दाबता पहिला अ‍ॅम्प उचलला आणि थेट वरच्या मजल्याकडे निघाले.

"अहो, कुठे?" दुकानदार ओरडला.

"चढून बघतो."

"वर फक्त गोदाम आहे!"

"जाऊ द्या त्यांना," मेव्हणा म्हणाला. "त्यांचा लिफ्टवर विश्वास नाही. आतून पाहिलीये ना त्यांनी!"

दोन अ‍ॅम्प जिन्यातच नापास झाले. तिसरा मात्र शिवणयंत्राएवढा, बोटावर नाचेल असा. भाऊजींनी तो कोपऱ्यातल्या लाकडी काउंटरवर ठेवला, गिटार जोडली आणि सगळ्यात जाड तार छेडली. काचेची कपाटं थरथरली. भाऊजींच्या अंगावर काटा आला.

"अरे, पोटात घुसतोय हा! बांधा, बांधा!"

"ताईशी लग्न करतानाही असेच घाईत हो म्हणालात."

"मग? चुकलो का?"

"ते तिला विचारा. आधी हा खाली मधोमध ठेवा. मी ड्रमवर बसतो."

नाइलाजाने भाऊजींनी अ‍ॅम्प उघड्या फरशीवर आणला. मेव्हण्याने दोन ठोके घातले आणि बेस गायबच झाला. भाऊजींची बोटं चालत होती, पण आवाज शेजारच्या घरात भांडण चालावं तेवढाच. मघाशी निम्मं काम त्या कोपऱ्याने आणि पोकळ काउंटरने केलं होतं. भाऊजींचं तोंड पडलं.

दुकानदाराला दया आली असावी. त्याने आतून जाडजूड पुस्तकाएवढा अ‍ॅम्प आणि दोन बुटक्या स्पीकर-पेट्या आणल्या. "छोट्या जागी एक पेटी न्या, मोठ्या जागी दोन्ही. अ‍ॅम्प खांद्याच्या पिशवीत."

भाऊजींनी पिशवी अडकवली, दोन्ही हातांत पेट्या घेतल्या आणि जिना अक्षरशः धावत चढले. वरून आवाज आला, "दम लागला नाही रे!" खाली आल्यावर फक्त एक पेटी उघड्या फरशीवर मांडली. मेव्हण्याने हात राखला नाही. तरी बेस त्याच्या ठोक्यांखाली असा पसरला की तो वाजवता वाजवता ओरडला, "भाऊजी, खुर्ची हलतेय माझी!"

"हलू दे! अजून जोरात मार!"

दुकानातली गिऱ्हाइकं आपलं काम सोडून भोवती जमली.

शनिवारी भाऊजी हॉटेलात एकटेच शिरले. खांद्याला पिशवी, एका हातात गिटार, दुसऱ्यात पेटी. पहिल्या गाण्याला कीबोर्डवाल्याने डाव्या हाताने बेस धरलाच. भाऊजींनी त्याच्याकडे बघितलंही नाही, आवाज थोडा वाढवला आणि वाजवत राहिले. कडव्याच्या मध्यावर तो डावा हात अडखळला, मग उचलला गेला आणि शेवटी मांडीवर ताल धरून बसला.

टाळ्या चालू असतानाच कीबोर्डवाला वाकून म्हणाला, "पुढचं कुठलं घ्यायचं?"

भाऊजींनी ते सुरूसुद्धा केलं होतं.