जिन्याखालच्या खोलीतली इन्साफ

इन्साफ आमच्या शाळेत समुपदेशिका म्हणून रुजू झाली तेव्हा तिला बसायला खोली नव्हती. जिन्याखाली एक अंधारी जागा होती, तिथे व्हॉलीबॉलच्या जाळ्या आणि मोडके बाक कोंबलेले असत. मुख्याध्यापिका उम्म अनस यांनी तिला ती जागा दाखवली आणि म्हणाल्या, "तुमच्या कामाला काय लागतं? दोन खुर्च्या. मावतील इथे." इन्साफने वाद घातला नाही. दुसऱ्या दिवशी ती जुने कपडे घालून आली, बाह्या वर केल्या आणि जागा झाडून काढली. मी शेजारच्याच वर्गात इतिहास शिकवते, त्यामुळे धूळ माझ्याही वाट्याला आली. आमची ओळख झाली ती अशी, दोघी शिंकत असताना.

जॉर्डनमधल्या आमच्या करक गावात हिवाळ्यात वारा असा सुटतो की गडाच्या बाजूच्या खिडक्या दिवसभर खडखडत राहतात. तिच्या खोलीला खिडकी एकच होती, हातभर, पण दार मात्र चांगलं घट्ट लागायचं. तिला तेवढंच हवं होतं.

सुरुवातीला उम्म अनसनी तिला दोन कामं दिली. कुणी शिक्षिका गैरहजर असली की तिचा तास घ्यायचा, आणि सकाळी फाटकाशी उभं राहून मुलींची नखं, केस, गणवेश तपासायचे. इन्साफने काही आठवडे दोन्ही केलं. मग ती मुख्याध्यापिकांच्या खोलीत गेली. मी तिथेच सही करायला उभी होते.

"उम्म अनस, सकाळी मी जिला नखांवरून बोलते, ती दुपारी माझ्याशी मनातलं बोलायला येत नाही. दोन्हींतलं एकच काम माझ्याकडून होईल."

"मग फाटकाशी कोण उभं राहणार? मी?"

"तुमची नजर माझ्यापेक्षा तिखट आहे," इन्साफ शांतपणे म्हणाली.

उम्म अनसना हसू आलं, पण ते त्यांनी दाबलं. फाटकाचं काम व्यायामाच्या बाईंकडे गेलं. बदली तास मात्र सुटले नाहीत.

तरी मुली येईनात. जिन्याखाली जी कुणी जाईल तिचं डोकं फिरलंय, असं वर्गावर्गांतून ठरून गेलं होतं. इन्साफने त्यावर साधा उपाय केला. बदली तास मिळताहेतच, तर तेच वापरायचे. ज्या वर्गावर जाईल तिथे ती झोपेबद्दल बोलायची, परीक्षेत पोटात गोळा का येतो ते सांगायची, मैत्रिणीने बोलणं टाकलं तर काय करावं ते मुलींनाच विचारायची. आणि त्याच आठवड्यात वर्गातल्या प्रत्येक मुलीला एकेक करून खोलीत बोलवायची, थोडा वेळ, मैरमियाची पानं घातलेला चहा पाजून परत पाठवायची. सगळ्याच जाऊन आल्या म्हटल्यावर कोण कुणाला हसणार? हळूहळू ज्यांना खरंच गरज होती त्या आपल्या पायांनी यायला लागल्या.

पहिल्याच भेटीत ती प्रत्येकीला एक गोष्ट सांगायची. इथे बोललेलं इथेच राहील. पण तुझ्या किंवा दुसऱ्या कुणाच्या जिवाला धोका असेल तर मी गप्प बसणार नाही. आणि कुणाला सांगायच्या आधी तुला सांगेन. मुलींना हा करार पटायचा. माझ्या मते त्यातलं शेवटचं वाक्य जास्त पटायचं.

गैदाची गोष्ट त्यानंतरच्या हिवाळ्यातली. गैदा म्हणजे आमच्या शाळेचं नाक. तौजीहीच्या वर्षाला होती आणि बारावीची ती परीक्षा तर आमच्याकडे घराघरांत लग्नासारखी चढते. तिचा मोठा भाऊ जर्मनीत डॉक्टर, वडील अबू मुंजिद लष्करातून निवृत्त झालेले. मुलगीही डॉक्टर होणार, हे गल्लीतल्या दुकानदारालासुद्धा माहीत होतं. सराव परीक्षेत तिने मला इतिहासाचा कोरा पेपर दिला. वर फक्त नाव लिहिलेलं. मी विचारलं तर म्हणाली, "मिस, सगळं येत होतं. हातच हलेना."

मी तिला घेऊन जिन्याखाली गेले आणि निघायला वळले, तर गैदाने माझी बाही धरून ठेवली. म्हणून मी थांबले. म्हणून पुढचं मी ऐकलं.

इन्साफने पेपरचा विषयच काढला नाही. झोप कशी लागते, जेवण जातं का, असं विचारत राहिली. गैदा एकेक शब्द देत होती. मग खाली बघत म्हणाली की रात्री झोपताना वाटतं, सकाळी उठूच नये. इन्साफने खुर्ची थोडी पुढे ओढली आणि सरळ विचारलं, "गैदा, मरून जावं असं वाटतं का तुला?"

मला ते रुचलं नाही. असं कुणी विचारतं का, तेही पोरीला? तिच्या मनात नसलेलं घालून द्यायचं? पण गैदाने मान वर केली. कुणीतरी तिच्या पाठीवरचं ओझं उचलायला हात लावावा, तसा तिचा चेहरा झाला. "हो," ती म्हणाली. "खूप दिवस झाले." आणि मग ती रडली, भरपूर रडली.

नंतर इन्साफने मला सांगितलं की विचारल्याने कुणाच्या डोक्यात ते शिरत नाही. जिच्या डोक्यात आधीच असतं तिला ते एकटीने वाहायला लागू नये, म्हणून विचारायचं. हे मी शिक्षिका होऊन इतकी वर्षं झाली तरी मला कुणी शिकवलं नव्हतं.

त्या दिवशी तिने गैदाला करार आठवून दिला. "हे मी माझ्यापाशी ठेवू शकत नाही. पण आपण दोघी मिळून सांगू. आधी कुणाला सांगायचं ते तू ठरव." गैदाने आईचं नाव घेतलं नाही, वडिलांचं तर नाहीच. म्हणाली, आत्या. रस्मीया आत्या विधवा होती, भावाच्या शेजारीच राहायची आणि तिच्या हातचं जमीद, म्हणजे वाळवलेल्या दह्याचे गोळे, सगळं करक विकत न्यायचं. निरोप गेल्यावर ती ताकाचे हात तसेच पुसत आली. सगळं ऐकून घेतलं, गैदाला कुशीत ओढलं आणि इन्साफला म्हणाली, "माझ्या भावाचं माझ्यावर सोड. तू फक्त खरं बोल त्याच्याशी. गुळमुळीत बोललीस तर तो उठून जाईल."

आत्या त्या क्षणापासून गैदाला एकटं सोडत नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी दोघींना घेऊन अबू मुंजिद आले. ताठ, मिशा कातरलेल्या, बुटांना चकाकी. आम्हाला वाटलं, आता भांडण होणार. इन्साफने खरं तेच सांगितलं. मुलगी आजारी आहे, हा आजार बरा होतो, पण त्याला डॉक्टर लागतो आणि घरातल्यांना सोबत राहायला लागतं. ते ऐकत राहिले. खिडकी खडखडत होती.

मग त्यांनी विचारलं, "डॉक्टर इथे आहे की अम्मानला?"

"दोन्हीकडे आहेत."

"अम्मानलाच नेऊ. इथे लोक बघतात."

लाजण्यासारखं यात काही नाही, असं मी म्हणणार होते. इन्साफने मला डोळ्यांनीच गप्प केलं. "अम्मानला न्या, चालेल," ती म्हणाली. "पण याच आठवड्यात." जाताना ते दाराशी थांबले आणि आमच्याकडे पाठ करून म्हणाले की, पोरीने बापाला का नाही सांगितलं. आत्या म्हणाली, "तू विचारलंस का कधी, मार्क सोडून दुसरं काही?" फाटकापर्यंत गैदाचं दप्तर त्यांनी स्वतः धरलं.

दुपारी उम्म अनसनी इन्साफला बोलावलं. मुलीचं काय प्रकरण आहे, सगळं सांग म्हणाल्या. मुलगी सुरक्षित आहे, उपचार सुरू होताहेत, तिला परीक्षांतून सवलत लागेल, एवढं इन्साफने सांगितलं. बाकीचं मुलीचं आहे म्हणाली. उम्म अनस चिडल्या. माझ्या शाळेत माझ्यापासून लपवाछपवी? वर तक्रार करीन. इन्साफ म्हणाली, करा. तक्रार झाली नाही, पण महिनाभर दोघींत सलामाच्या पुढे शब्द गेला नाही.

बातमी मात्र फिरली. गैदाचं नाव कुठे निघालं नाही, पण इन्साफकडे गेलं की मार्ग निघतो, हे आयाबायांत पसरलं. मग तिचा फोन वाजायचा थांबेना. जेवताना वाजायचा, पाहुणे असताना वाजायचा. ती प्रत्येक वेळी उचलायची. तिचा नवरा रातिब औषधांचं दुकान चालवायचा, स्वभावाने गमत्या. एकदा माझ्यासमोरच तिला म्हणाला, "तुला भेटायचं तर मलाही शाळेतून चिठ्ठी आणावी लागेल का?" आम्ही हसलो. इन्साफ हसली नाही. तिला ऐकूच गेलं नव्हतं.

वसंत आला, बाजारात हिरवे बदाम दिसायला लागले. एक दिवस मधल्या सुट्टीत मी वर्गात एकटी वह्या तपासत होते. इन्साफ आत आली आणि मागच्या बाकावर जाऊन बसली, एखाद्या विद्यार्थिनीसारखी.

"फदवा," ती म्हणाली, "आज एक मुलगी माझ्यासमोर रडत होती, आणि मी बाहेर कुणीतरी वाळत घातलेले कपडे बघत होते. मला काहीच वाटलं नाही. वाईटसुद्धा."

मी म्हटलं, थकलीस तू. ती म्हणाली, थकणं वेगळं. हे विझल्यासारखं आहे. "मुलींना मी रोज सांगते, मदत मागणं म्हणजे कमकुवतपणा नाही. आणि मी स्वतः काय करते? गोळी घेऊन डोकेदुखी दाबते."

तिने रजेचा अर्ज टाकला. परीक्षा तोंडावर असताना. उम्म अनसनी कपाळाला हात लावला. इन्साफ मुलींशी खोटं बोलली नाही. वर्गांत सांगून गेली की मी दमले आहे, विश्रांती घ्यायला आणि माझ्या जुन्या बाईंशी बोलायला चालले आहे. एक धीट मुलगी उठून म्हणाली, "मिस, तुम्हालासुद्धा कुणी लागतं?" ती म्हणाली, "लागतं तर. मी काय दगडाची आहे?"

ती तफीलाला बहिणीकडे गेली. पहिले दोन-तीन दिवस नुसती झोपली. मग बहिणीबरोबर रानात खुब्बेझाची भाजी खुडायला जाऊ लागली. तिला हे काम शिकवणाऱ्या नवाल बाई तिथे जवळच राहायच्या. त्यांच्याकडे जाऊन बोलली. बाईंनी ऐकून घेतलं आणि विचारलं की तू कुणाशी बोलतेस? कुणाशीच नाही, असं उत्तर आल्यावर त्या तिला चक्क रागावल्या.

इकडे शाळेत वेगळंच घडलं. जिन्याखालच्या दारावर मुली टकटक करत राहिल्या. पाठवायचं कुणाकडे? उम्म अनस स्वतः जाऊन बसल्या. मला वाटलं, दोन दिवसांत कंटाळतील. त्या आठवडाभर बसल्या. कुणाच्या घरात भांडणं, कुणाचं लग्न परस्पर ठरवलेलं, कुणी आरशात बघणं सोडलेलं. उपदेश करायची त्यांची सवय, पण तिसऱ्या-चौथ्या मुलीनंतर त्या गप्प बसून ऐकायला लागल्या, असं मुलीच सांगायच्या. शेवटच्या दिवशी बाहेर आल्या तेव्हा त्यांचा चेहरा उतरला होता.

इन्साफ परतली तशी त्यांनी तिला फाटकाशीच गाठलं. "हे सगळं तू रोज ऐकतेस?"

"रोज."

"आणि वर मी तुला बदली तास देत होते," त्या म्हणाल्या. वेळापत्रकातून ते तास त्याच दिवशी कायमचे गेले. माफी वगैरे त्यांनी मागितली नाही, आणि इन्साफनेही वाट पाहिली नाही.

इन्साफने स्वतःही पुष्कळ बदललं. दुपारच्या नमाजानंतर तिचा फोन बंद. आयांना तिने स्पष्ट सांगितलं की जिवावरचं असेल तर सरळ इस्पितळात जायचं, माझी वाट बघायची नाही. पहिल्या आठवड्यात काहीजणी रुसल्या. जग काही बुडालं नाही. आम्हा काही शिक्षिकांना तिने बसवून शिकवलं की मुलगी वेगळी वागायला लागली तर काय बघायचं, काय विचारायचं, कुठे थांबायचं आणि तिच्याकडे कधी पाठवायचं. पहिल्यांदा तो सरळ प्रश्न मी एका मुलीला विचारला तो दोनदा मनात घोळवून. पण विचारला. ती "नाही मिस, तसं नाही" म्हणाली आणि जे होतं ते सांगून मोकळी झाली.

आणि दर शनिवारी आसपासच्या शाळांतल्या समुपदेशिका तिच्या घरी जमायला लागल्या. नावं न घेता आपापलं अवघड सांगायचं, एकमेकींना सल्ला द्यायचा, रडायचं असेल तर रडायचं, आणि मग जेवायचं. रातिब दुकान बंद करून आला की त्याला स्वयंपाकघरात धाडायच्या. "माझ्याच घरात मला बंदी," तो तक्रार करायचा, पण भात तोच छान लावायचा.

गैदाने त्या उन्हाळ्यात निम्मेच पेपर दिले, उरलेले पुढच्या खेपेला. बरं व्हायला वेळ लागला. मधे एकदा पुन्हा घसरलीही, पण तेव्हा ती स्वतःच वडिलांना म्हणाली की मला डॉक्टरांकडे न्या. ती वैद्यकीला गेली नाही. शेतकी शिकली आणि आता खाली गोरच्या खोऱ्यात टोमॅटोच्या शेतांतली माती तपासते. अबू मुंजिद परवा बाजारात भेटले. पोरीविषयी विचारलं तर म्हणाले, रोज संध्याकाळी तिला फोन करतो, आज काय जेवलीस तेवढं विचारतो. मग म्हणाले, "तीच बोलत सुटते, मला फारसं काही विचारावं लागत नाही."

यंदा शिक्षण खात्याने नव्या समुपदेशिकांना तयार करायचं काम इन्साफकडे दिलं. पहिल्या दिवशी मीही मदतीला गेले होते. मुली तरुण, उत्साही, वह्या उघडून बसलेल्या. वाटलं होतं, ती आजारांची नावं, लक्षणं, नियम यांनी सुरुवात करेल. तिने आधी प्रत्येकीला विचारलं की घरी गेल्यावर तू कुणाशी बोलतेस. एकजण गोंधळून म्हणाली, "कुणाशीच नाही." इन्साफ म्हणाली, "मग शनिवारी माझ्या घरी ये. भूक ठेवून ये."