आंतोनने खाली ठेवलेली कॉफी

आंतोन गेल्याचा फोन आला तेव्हा मी उमेळ्याच्या वाडीत नारळ उतरवून घेत होतो. तिकडे त्याच्या गावी, नंदाखालला, केळीला पाणी सोडता सोडताच तो कोसळला म्हणे. माझा कॉलेजपासूनचा मित्र. विचारल्याशिवाय कधी कुणाच्या अंगणात न शिरलेला हा माणूस असा न विचारता निघून जावा, हे मला अजून पटत नाही...

काही वर्षांपूर्वी आम्ही दोघे पन्नाशीतले गडी जॉर्डनला गेलो. दिसेल त्या गाडीला हात करून देश बघायचा, ही त्याची खोड. मी अंगठा दाखवायला गेलो तर म्हणाला, "मधू, अंगठा नको, कुणाला अपमान वाटेल. हात खाली, बोट रस्त्याकडे. आणि गाडीत बायकामाणसं दिसली की हात मागं." गाडीत बसल्यावर आधी सलाम, मग घरच्यांची खुशाली, मग आपलं काम. मी त्याला 'पाहुणेबुवा' म्हणून चिडवायचो.

गुड फ्रायडेच्या सकाळी वाळवंटातल्या रस्त्यावर उभे असताना त्याच्या बहिणीचा फोन आला. आय, म्हणजे त्याची आई, आयसीयूत होती. "लवकर ये," एवढंच ती बोलली. विमान अम्मानहून, रात्रीचं. त्यात शुक्रवार म्हणजे तिकडे सुट्टी. रस्त्यावर गाडीचं नाव नाही. शेवटी दुपार टळताना अबू सालेम नावाच्या म्हाताऱ्याने पिकअप थांबवली, पण तो जवळच्याच वस्तीवर चालला होता. "आधी कॉफी, मग बघू," शेजारी बसलेल्या त्याच्या थोरल्या मुलाने इंग्रजीत सांगितलं.

तंबूत बसलो. कान नसलेल्या इवल्याशा कपात कॉफी आली. आंतोनचा गुड फ्रायडेचा उपवास कडक, पाण्याशिवाय काही नाही. घेतलीच नाही तर वाईट दिसेल म्हणून त्याने कप घेतला आणि तसाच समोर ठेवला. तंबूतले सगळे त्या कपाकडे बघू लागले. मुलगा हळूच म्हणाला, "आमच्याकडे पाहुण्याने कॉफी न पिता खाली ठेवली, म्हणजे त्याला काही मागायचं असतं. बाबांनी हो म्हटल्यावरच तो पितो. देता आलं नाही, तर आमच्या घराची मान खाली."

आता अम्मानपर्यंत सोडा म्हणून मागून टाकायचं की नाही? पण आंतोन म्हणाला, "त्यांना सांग, माझा उपवास आहे म्हणून ठेवली. मागण्यासाठी नाही." असा राग आला मला त्याचा! आय तिकडे मरणाच्या दारात, आणि हा खरं बोलत बसलाय.

म्हाताऱ्याने ऐकून घेतलं. कपाकडे बघितलं, आंतोनकडे बघितलं. "कप खाली आहे," तो म्हणाला. "माग."

"माझी आय..." एवढं बोलून आंतोन रडायलाच लागला. पुढचं मी सांगितलं.

अबू सालेमने ती कॉफी थर्मासमध्ये ओतली, कप फडक्यात गुंडाळला आणि मांडलेलं जेवण सोडून गाडी काढली. अम्मान चार-पाच तासांवर. वाटेत त्याने स्वतः पाण्याचा घोटही घेतला नाही. उपाशी माणसाशेजारी कसा घ्यायचा? सूर्य बुडाला तशी गाडी कडेला घेऊन त्याने कप भरला आणि आंतोनपुढे धरला. रोज्यासारखा आपल्या उपवासाला सूर्यास्ताचा नियम नाही, हे आंतोनने सांगितलं नाही. उजव्या हाताने कप घेतला आणि प्यायला. मी मागच्या सीटवर थक्क होऊन त्या दोघांकडे बघत होतो. तो कप अबू सालेमने त्यालाच देऊन टाकला.

आय पुढे आठवडाभर होती. आंतोनच्या हातून पेज प्यायली.

परवा त्याला जाऊन महिना झाला, चर्चमधल्या मिस्सेनंतर त्याच्या घरी गेलो. त्याच्या बायकोने, फिलोमिनावहिनींनी, शोकेसमधला तोच कप काढून कॉफी दिली. त्या कपातून मला पिववेना, म्हणून मी तो खाली ठेवला. त्यांना ती गोष्ट तोंडपाठ. त्या समोर येऊन बसल्या.

"बोला मधूभाऊ, काय पायजे?"

मला जे हवं होतं, तेच त्यांनाही हवं होतं. ते काही मागता येईना... आणि त्या घराची मान तर खाली जाऊ द्यायची नव्हती.

"साखर," मी म्हटलं. "थोडी साखर, वहिनी."

त्यांनी साखर आणली. मी कॉफी प्यायलो.