'चोत्तो'च्या पुढचं

माझ्या अनुवादावरून सरकणारी बाईंची पेन्सिल मध्येच थांबली. आमच्या बाई मूळच्या जपानच्या. त्यांनी मान किंचित कलती केली, दातांमधून श्वास आत ओढला आणि म्हणाल्या, "चोत्तो..." पुढे काहीच नाही.

'चोत्तो' म्हणजे 'थोडंसं', हे पहिल्या वर्षी पाठ केलं होतं. तेव्हा मी निर्धास्त असायचे. थोडंसंच तर चुकलंय. आता एम.ए.च्या शेवटाला आल्यावर कळतं, की वाक्य असं अर्ध्यावर सोडलं की उरलेल्या अर्ध्यात नकार असतो. भाषा येईल तशी भीती जाईल असं वाटलं होतं. झालं उलटंच. पूर्वी फक्त बोललेलं कळत नव्हतं. आता न बोललेलंही ऐकू येतं.

वर्गाबाहेर आले तोच आईचा फोन. तिला जपानीचं अक्षरही येत नाही.

"जमतंय ना गं?"

"जमतंय. थोडंसं..." म्हणाले, आणि वाक्य तिथेच सोडलं.

आई हळूच म्हणाली, "मी येऊ का तिकडे?"